आगोटीतले मदरबोर्ड

मे महिना उतरायला लागला की वसईतल्या पापडीच्या बाजाराचा वास बदलतो. आंब्याच्या पेट्या मागे सरकतात आणि पुढे सुक्या मासळीचे ढीग येऊन बसतात. बोंबील, जवळा, करंदी. शेजारी लाल मिरच्या, हळकुंडं, चिंचेचे गोळे. आणि या सगळ्याच्या डोक्यावर दोऱ्यांना टांगलेली प्लास्टिकची कापडं, निळी, पिवळी, काळी, वाऱ्यावर फडफडत असतात. आमच्याकडे या दिवसांना आगोट म्हणतात. पाऊस यायच्या आत घर भरून घ्यायचं, लाकूडफाटा आत घ्यायचा, आणि जे आत घेता येत नाही ते झाकून बांधून टाकायचं. अशा बाजारातून चालताना माणसाला आई आठवावी, माहेर आठवावं, गेलाबाजार सुकटीची चटणी तरी आठवावी. मला मदरबोर्ड आठवतात. हसा खुशाल. एल्सीसुद्धा हसते, आणि तिला तर हसायचा काही अधिकारच नाही, कारण त्या आगोटीत ती पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याबरोबर होती.

एल्सी माझी मैत्रीण आणि तेव्हाची भागीदार. ती पापडीची, विहीर आणि केळीची बाग असलेल्या घरातली. मी रत्नागिरीकडून येऊन वसईत फ्लॅट घेतलेल्या नोकरदाराची मुलगी. दोघींनी एका बाकावर बसून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, मुंबईत नोकऱ्या केल्या, साहेबांच्या तोंडावर हसून पाठीमागे चरफडून घेतलं, आणि दोन हजार साल उजाडल्यावर पापडीत एक गाळा घेऊन कॉम्प्युटर जोडून द्यायचा धंदा मांडला. दोन बायका हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसल्यात हे बघायलाच सुरुवातीला निम्मं गाव येऊन गेलं. एकाने तर विचारलं, "मालक कुठे गेलेत?" एल्सी म्हणाली, "जेवायला गेलेत, पुढच्या जन्मी येतील."

आता मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण तेव्हा कॉम्प्युटर बऱ्याचदा शिंप्याकडे कपडे शिवावेत तसा करून घ्यायचे. डबा कुठला, पडदा केवढा, आत काय काय घालायचं, सगळं गिऱ्हाईक ठरवायचं. लोक हार्ड डिस्क किती विचारायचे, गाणी वाजतील का विचारायचे, स्पीकर केवढे विचारायचे. मदरबोर्ड कुठला, हे कोणी म्हणजे कोणी विचारत नसे. लग्नात सगळे नवरीचा शालू बघतात, मांडवाचे वासे कोण बघतो? आणि हे सगळं ज्याच्यावर उभं असतं तो बोर्ड. मेंदू त्याच्यावर बसतो, स्मरणशक्ती त्याच्यात खोवली जाते, वीज त्याच्यातूनच सगळीकडे वाटली जाते. तो गेला की उरतो नुसता पत्र्याचा डबा, वर क्रोशाचा रुमाल घालून फुलदाणी ठेवायला.

कंपन्यांची खरी नावं मी लिहिणार नाही. या वयात मला वकिलांची पत्रं वाचायची हौस नाही. दुकानातही आम्ही नावं घेत नव्हतो, खोक्याच्या रंगावरून बोलायचो. लाल खोकं म्हणजे सगळा थाट. गुळगुळीत पुठ्ठा, चांदीची अक्षरं, आत जाडजूड पुस्तक. हिरवं खोकं मध्यमवर्गीय, ना फार झगमग ना फार गरिबी. निळं खोकं मात्र अगदीच साधं, त्याची शाई बोटांना लागायची. मुंबईचा आमचा घाऊक व्यापारी निळ्याचं नाव काढलं की नाक मुरडायचा. "वो मत लो मॅडम, गाँव का माल है." जणू मी पॅरिसहून आले होते.

पण हात काही वेगळंच सांगत होते. बोर्ड रुपेरी पिशवीतून काढला की मी आधी तो दोन्ही तळहातांवर आडवा धरायची. त्या नव्या बोर्डाचा एक वास असतो, थोडा डांबरासारखा, थोडा औषधाच्या दुकानासारखा, तो मला आजही सांगता येईल. लाल बोर्ड हाताला हलका लागायचा. रॅमची पट्टी दाबून बसवताना तो मधे असा वाकायचा की मी दाब सोडून द्यायची. हिरवा बरा होता. निळा जाड, वजनदार, कितीही दाबा, हूं की चूं नाही. पालथा केला की मागे सोल्डरचे थेंब कसे एकसारखे, ओळीत. मी एल्सीला म्हणायची, "निळा चांगलाय गं." ती म्हणायची, "तुला वाटतं. गिऱ्हाइकाला चांदीची अक्षरं वाटतात." आणि तिचंही खरं होतं. माझ्या वाटण्यावर धंदा चालत नाही.

मग दुसरा पावसाळा आला आणि बोर्ड मरायला लागले. जूनमध्ये शाळा उघडल्या, सुट्टीत गावी गेलेले लोक परत आले, बटणं दाबली गेली, आणि काहीच झालं नाही. पंखा फिरायचा, दिवा लागायचा, पडदा काळाच. चालू होताना मशीन एक छोटीशी 'टिक' करतं, तब्येत बरी आहे असं सांगितल्यासारखी. ती टिकच यायची नाही. रिक्षात मांडीवर घेऊन लोक डबे आणायचे, आजारी मूल आणावं तसे. निर्मळ गावचा एक फुलवाला स्कूटरच्या पुढ्यात डबा ठेवून आला, वरून अबोलीच्या टोपलीचं फडकं घातलेलं. उघडून बघावं तर आत गंज, खाचांमध्ये हिरवट बुरशी. लालही तसेच, हिरवेही तसेच. निळे आम्ही विकलेच होते मोजके, त्यांच्यावर काही बोलता येत नव्हतं.

मी बोर्ड पिशवीत भरून मुंबईला गेले. वॉरंटी होती, बदलून द्यायला हवे होते. व्यापाऱ्याने एक बोर्ड दोन बोटांत धरला, गंज बघितला आणि गल्ल्याच्या दिशेने हसला. "मॅडम, इसमें कंपनी क्या करेगी? आपके वसई की हवा ही खराब है." दुकानातली बाकीची माणसंही हसली.

माझी हवा खराब! मी ज्या हवेत वाढले, जिच्यात केळी पिकतात, पानमळे उभे राहतात, जिच्यात मी आयुष्यभर श्वास घेत आले आणि गंजले नाही, ती हवा या माणसाच्या मते खराब. मला राग फार पटकन येतो आणि तो बराच काळ टिकतो. बोर्ड परत पिशवीत भरले आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्याला इतकं सुनावलं होतं की घसा दुखायला लागला. मात्र एक गोष्ट मला छळत राहिली. तो खोटं बोलतोय हे सिद्ध कसं करायचं?

उत्तर चालत दुकानात आलं, ते पुढच्या वर्षी मे महिन्यात, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत आणि काळ्या छत्रीखाली. फिलोमिना बाई. राजोडीच्या बाजूला समुद्राच्या अगदी तोंडाशी असलेल्या एका छोट्या शाळेच्या मुख्याध्यापिका, एल्सीच्या आईच्या ओळखीतल्या. बाईंना शाळेत कॉम्प्युटरची खोली हवी होती. सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि दुपारी गावातल्या दहावी झालेल्या मुलींसाठी. स्टेशनजवळ क्लास होते, नाही असं नाही. पण तिथे जायचं म्हणजे दोन वाहनं बदलायची, संध्याकाळी अंधारात परत यायचं. मुलग्यांना घरचे पाठवत. मुलींना नाही. "दहावीला पहिल्या आलेल्या पोरी माझ्या डोळ्यांसमोर मासळी निवडत बसल्यात," बाई म्हणाल्या. "मासळी निवडण्यात वाईट काही नाही. पण दुसरं काही निवडायला मिळालंच नाही, ते वाईट."

अडचण होती शाळा समितीची, म्हणजे खरं तर समितीच्या अध्यक्षांची. काशीनाथ तांडेल. स्वतःची होडी, स्वतःचं मत, आणि मत होडीपेक्षा जड. समितीच्या सभेत ते म्हणाले होते, "बाई, आमच्या किनाऱ्याला लोखंडी कडी टिकत नाय. खारं पानी हवेत असतं. तुमचं मशीन एक पावसाला काढनार नाय. मग लोक कोनाला हसनार? मला." वर त्यांनी स्टेशनजवळच्या क्लासचा दाखलाही दिला, ज्याला जायचंय तो जाईल तिकडे. बाईंनी मला हळूच सांगितलं की त्यांची स्वतःची नात सुप्रिया गेल्या वर्षी दहावी झाली आणि तिलाही त्यांनी तिकडे जाऊ दिलं नव्हतं. आणि बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. त्यांच्या हातात ही एकच आगोट आणि हा एकच पावसाळा होता. त्यांनी तांडेलांकडून शब्द घेतला होता: एखादं मशीन किनाऱ्यावर गणपतीपर्यंत जगून दाखवलं, तर खोली होईल. नाही जगलं तर विषय कायमचा बंद.

"तुमच्याकडे आहे का असं मशीन?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "आहे. कुठलं ते अजून मला माहीत नाही." एल्सीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण शब्द तोंडातून गेलेला होता. आणि खरं सांगते, इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. व्यापाऱ्याच्या हसण्याचं उत्तर देण्याची जागा मिळाली होती, तीही थेट समुद्रासमोर.

आम्ही तीन मशीनं जोडली. लाल, हिरवं, निळं. बाकी सगळं एकसारखं, डबा, पंखा, वीजपेटी, सगळं एकाच दुकानचं, फरक फक्त बोर्डाचा. शाळेला सुट्टी होती, म्हणून ती बाईंच्या घरी ठेवली, आणि ओळखायला प्रत्येकाशेजारी त्याच्या बोर्डाचं रंगीत खोकं. घर किनाऱ्यालगत सुरूच्या झाडांच्या आत, पडवीला जाळीची खिडकी, आणि खिडकीतून दिवसभर येणारा तो वारा, ज्याने सकाळी पुसलेल्या आरशावर दुपारी जिभेला खारट लागेल असा थर बसतो. बाईंच्या बहीण मार्थामावशी त्यांच्याबरोबर राहायच्या. लुगड्याचा पदर खोचलेला, बोलणं मोठ्याने, हात सतत कामात. तिन्ही मशीनांकडे बघून त्या म्हणाल्या, "काय गो, ह्यांना खायला काय घालू?" मी त्यांना पत्त्यांचा खेळ लावून दिला. एकट्यानेच खेळायचा, लाल-काळे पत्ते एकाखाली एक लावायचे. मावशींनी आयुष्यभर घरात पत्त्यांना बंदी केली होती. दुसऱ्या दिवशी मी गेले तर मावशी निळ्या मशीनसमोर, उंदीर हातात घट्ट धरलेला, आणि चुलीवरचं कालवण करपलेलं.

नंतर दुकानात लग्नसराईची गडबड झाली. जावयाला कॉम्प्युटर द्यायची तेव्हा नवी पद्धत पडली होती. आम्हाला तिकडे फिरकायला वेळ झाला नाही, आणि तोवर पाऊस लागलेला. जुलैमध्ये गेलो तेव्हा पडवीत शिरताच मी थिजले. लाल आणि हिरव्या मशीनला मावशींनी आगोट घातली होती. डोक्यापासून पायापर्यंत जाड निळं प्लास्टिक, त्यावर नायलॉनची दोरी, कोपऱ्यांवर होडीच्या गाठी. एक थेंब आत जायची टाप नव्हती. किती प्रेमाने बांधलं होतं! आमच्याकडे हे असंच असतं. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला प्लास्टिक, नव्या सायकलच्या दांडीला वर्षभर प्लास्टिक. वस्तूवर जीव असला की आम्ही ती गुंडाळतो. "महागाची खोकी होती ना ही दोन," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, पावसाला लागायला नको. ते तिसरं स्वस्तातलं, ते राहूदे उघडं. शिवाय मला दुपारचं लागतं ना गो."

दोरी सोडली. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक मणी. लाल मशीनचं बटण दाबलं, पडदा काळा. हिरव्याचं दाबलं, तेही काळं. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले, हेअर ड्रायरने बोर्ड शेकला, मागून पुढून बघितलं. काही नाही. आणि शेजारी निळं मशीन उघडंबोडकं, डब्यावर खाऱ्या धुळीची साय, वर मावशींचा चष्मा. बटण दाबलं. टिक! पत्ते पडद्यावर नाचायला लागले.

एल्सीने मला मिठीच मारली. "जिंकलो! चल, आत्ताच्या आत्ता तांडेलकाकांना बोलावू. लाल मेला, हिरवा मेला, निळा जिवंत. अजून काय पाहिजे?" बाईंनीसुद्धा हात जोडून डोळे मिटले होते. आणि मला मात्र तो बोर्ड सोडून ते ओलं प्लास्टिकच दिसत होतं. दोन पैलवानांचे हातपाय बांधायचे आणि तिसऱ्याला विजयी म्हणून मिरवायचं, ही कुस्ती कुठली? कोण जाणे निळा चांगला म्हणून जगला की चालू राहिला म्हणून. मशीन रोज चाललं की आतून ऊब धरतं, दमट हवा त्याच्यात टिकत नाही. बांधून बंद ठेवलं की खारट दमटपणा आतच कोंडतो. मग मला आमची सगळी गिऱ्हाइकं आठवली. निर्मळचा फुलवाला, रिक्षातले डबे. एल्सीने एकेकाला फोन केले. बहुतेकांनी सुट्टीला जाताना, पाऊस तोंडावर आला म्हणून, मशीन बंद करून नीट बांधून ठेवलं होतं. हवा बिचारी बाहेर होती. मारलं होतं ते आमच्या मायेने.

"म्हणजे बोर्डाचा काही दोषच नाही?" एल्सी हिरमुसली. मी म्हटलं, "ते आता बघू." बाईंनी मला विचारलं, हे सगळं तांडेलांना कळायची गरज आहे का, निळं जगलंय एवढं पुरे नाही का. त्यांचा आवाज इतका हळू होता की मला क्षणभर कसंसंच झालं. त्यांच्यासाठी गोष्ट हातात आली होती आणि मी ती परत पणाला लावत होते. पण उद्या शाळेत पुष्कळ मशीनं बसणार, रोज चालणार, वर्षानुवर्षं. तेव्हा बोर्ड फुसका निघाला तर तांडेलांना हसणाऱ्यांत माझा तो व्यापारीसुद्धा असता. मी बाईंना म्हटलं, "बाई, एकदा खरंखुरं जिंकू या." बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. तो त्यांचा होकार होता.

लाल आणि हिरवे नवे बोर्ड आणले, जुन्यांच्या जागी बसवले, आणि प्लास्टिक चुलीपाशी लाकडांवर घातलं. आता तिन्ही मशीनं रोज चालायची, सारखा वेळ, सारखं काम. मावशींनी तिन्हींवर आळीपाळीने पत्ते खेळायचे. "तीन चुलींवर तीन भाकऱ्या टाकल्यासारखं झालंय माझं," त्या कुरकुरायच्या, पण दुपारी जेवणं झाली की पदराने पडदे पुसून बसायच्याच. गल्लीतल्या बायका यायला लागल्या. एक खेळायची, बाकीच्या मागून ओरडायच्या, "अगो, काली रानी तिकडं टाक! तिकडं!" बाहेर पाऊस सुरूच्या झाडांतून आडवातिडवा कोसळत असायचा, खालच्या वाळूत होड्या झावळ्यांखाली झोपलेल्या, आणि पडवीत ही जत्रा. वीज मधेच जायची, मधेच मंद व्हायची, पुन्हा भस्सकन यायची. मला वाटायचं, बोर्डाची परीक्षा घ्यायला याहून चांगली प्रयोगशाळा कुठल्याच कंपनीकडे नसेल.

ते पावसाळ्याचे दिवस आठवले की मला आजही तरतरी येते. आता माझ्याकडे पातळ लॅपटॉप आहे, त्याचं पोट उघडायला परवानगी नाही, उघडलं तर आत सगळं चिकटवलेलं. तो बिघडला की माणूस नवा घेतो. त्याच्या आत कुठला बोर्ड आहे हे मला माहीत नाही, आणि माहीत नसल्याची लाजही वाटत नाही, ही गोष्ट जरा खटकते. तेव्हा आम्ही वस्तूंना हात लावून ओळखायचो. श्रावणात मी दर आठवड्याला तिन्ही डबे उघडायची आणि विजेरीच्या उजेडात बोर्डांवरून नजर फिरवायची. बोर्डावर छोटी छोटी उभी डबडी असतात, कपॅसिटर, विजेचे हेलकावे पोटात घेऊन पुढे संथ वीज सोडणारी. टोपण सपाट असलं की समजायचं, डबडं ठणठणीत. एका शनिवारी लाल बोर्डावरची टोपणं मला फुगलेली दिसली. एकाच्या डोक्यातून तपकिरी रस आलेला. मी बोट फिरवून खात्री केली. पुढच्या आठवड्यात लाल मशीन पत्त्यांच्या ऐन डावात बंद पडलं ते पडलंच. दुकानात आधी मेलेले लाल बोर्ड काढून बघितले. गंजाखाली तीच फुगलेली टोपणं. गंज बघून आम्ही तिकडे बघितलंच नव्हतं, आणि व्यापाऱ्याला तर बघायचंच नव्हतं.

हिरवा मेला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. पण त्याचं घड्याळ मागे पडायचं, वीज मंद झाली की तो गोठायचा, आणि त्याच्या खाचेतली पट्टी मधूनमधून काढून पुन्हा खोवावी लागायची. घरी एकासाठी चालेल, पंधरावीस मुली रांगेत बसल्यावर चालणार नाही. आणि निळा? निळ्याचं एकही टोपण फुगलं नव्हतं. खाचा स्वच्छ, घड्याळ बरोबर. जाड, वजनदार, गावचा माल.

लाल बोर्ड घेऊन मी मुंबईला गेले. या वेळी त्याच्यावर गंजाचा ठिपका नव्हता. व्यापाऱ्याच्या काउंटरवर तो ठेवला, फुगलेल्या डबड्यांवर पेन्सिलीचं टोक ठेवलं आणि विचारलं, "ये भी वसई की हवा ने फुगाया?" त्याने डबडी बोटाने चाचपली. आत गेला आणि आमचे सगळे लाल बोर्ड बदलून देण्याची तजवीज केली. मी म्हटलं, लाल नको, त्यांच्या बदल्यात निळे द्या. दुकानातली माणसं या वेळी हसली नाहीत. परत येताना मी स्वतःशीच गाणं म्हणत होते, शेजारची बाई दचकून सरकून बसली.

गणपतीच्या आधीच्या रविवारी समिती बाईंच्या पडवीत आली. पाऊस धो धो. तांडेल रेनकोट झटकत आत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दाखवा." मी त्यांना सगळं सांगितलं, काहीच लपवलं नाही. मावशींचं प्लास्टिक, मेलेले दोन, मग पुन्हा सुरुवात, लालची फुगलेली डबडी, हिरव्याचं गोठणं. खोली होणार असेल तर बोर्ड निळे घ्यायचे, मशीनं रोज चालवायची, सुट्टीतसुद्धा, आणि प्लास्टिक कुणी घालायचं नाही. "सुट्टीत कोन चालवनार?" त्यांनी विचारलं. "मी," मार्थामावशी आतून ओरडल्या.

तांडेल उठले. निळ्या मशीनभोवती एक फेरी मारली, होडी विकत घेताना मारावी तशी. मग सरळ भिंतीवरच्या मेन स्विचपाशी गेले आणि खट्कन घर काळोखात घातलं. थोडं थांबून त्यांनी स्विच वर केला. मी बटण दाबलं. टिक. पडदा उजळला. त्यांनी पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. टिक. परत. टिक. मग त्यांनी मशीनच्या पाठीला हाताचा पंजा लावला आणि तो तसाच ठेवला. "ऊब हाय," ते म्हणाले. एल्सी माझा हात इतका दाबत होती की बांगडी रुतली.

"काका, दिलेला शब्द?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज आता अजिबात हळू नव्हता.

"खोली होईल," तांडेल म्हणाले. "मी बोललो म्हंजी होईल."

मला ओरडावंसं वाटलं. बाईंनी क्रुसाची खूण केली आणि मग एकदम मुख्याध्यापिका झाल्या. "मग दुपारच्या वर्गाला पहिलं नाव सुप्रियाचं घालू ना?"

तांडेलांचा हात अजून मशीनवरच होता.

"तिचं दुसरं घाला," ते म्हणाले. "पयलं तिच्या आईचं घाला. वनिता, माझी सून. माझ्या घरात आली तवा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झालेली व्हती. पुढं शिकायचं म्हनत व्हती. मीच नाय पाठवली."

बाई म्हणाल्या, "मग उद्या पाठवा त्यांना."

"उद्या कशाला? मला सोडायला आली ती, भाईर छत्री घेऊन उभी हाय."

बाईंनी दार उघडून हाक मारली. वनिता आत आली, ओल्या पदराला हात पुसत, सगळ्यांकडे बावरून बघत. तांडेलांनी मशीनसमोरची खुर्ची स्वतःच्या हाताने मागे ओढली आणि सुनेला म्हणाले, "बस."